आवाज एक, आदमी एक

आठवणी लिहायला केस पिकावे लागतात, असं कुणी ठरवलं मला माहीत नाही. माझे पिकलेले नाहीत. संघटनेतल्या ज्येष्ठांना मी हे प्रकरण वाचायला दिलं तर त्यांनी पहिल्याच पानावर मान हलवली. त्यांचं म्हणणं, मोर्च्यांवर लिही, तहसीलीपुढच्या उपोषणावर लिही, ऊसतोडीच्या बायकांसाठी काढलेल्या पत्रकांवर लिही. सिनेमातल्या जासूसावर काय लिहीत बसलीस? मी त्यांना सांगितलं तेच इथं सांगते. मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं ते त्या जासूसापायी. ज्यांना थेट मोर्च्यात शिरायचंय त्यांनी पानं उलटून पुढं जावं. मी हे प्रकरण काढणार नाही.

आमचं घर माजलगावात, धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला. पुढं पत्र्याचं गॅरेज, मागं दोन खोल्या, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक बिनदाराची खिडकी. अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री. रशीदमिस्त्री म्हटलं की ऊसवाला कुठलाही शेतकरी घर दाखवायचा. त्या खिडकीत आमचा टीव्ही होता, तोंड घराकडं आणि पाठ गॅरेजकडं. हा बंदोबस्त अम्मीचा. ग्रीसच्या हातांची माणसं टीव्हीसमोर बसली तर चादरी कोण धुणार, हा तिचा सवाल होता. त्यामुळं चित्र घराला आणि आवाज गॅरेजला, अशी वाटणी झालेली. कारखान्याचा हंगाम लागला की रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी बडवत जायचे, उसाची पाचट उडून थेट चुलीपर्यंत यायची, आणि मळीचा तो आंबूस वास कपड्यांना, केसांना, भाकरीलाही लागायचा. आमच्याकडं पाहुणे आले की नाक धरायचे. आम्हाला तो वास येत नसे. गाव सोडून शिकायला बाहेर गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हवेला वास नसतोसुद्धा.

रविवारी दुपारी हिंदीत केलेले इंग्रजी सिनेमे लागायचे. रविवारचं जेवण ठरलेलं, खिचडी आणि खट्टा. मसुराची पिवळी खिचडी, चिंच-तिळाचा पातळ खट्टा, वर कांदा आणि तळलेले पापड. खट्टा ताटात वाहता हवा, ही अब्बांची अट; त्यांचं ताट गॅरेजातच जायचं. आणि जेवताना जासूस. त्याचं सिनेमातलं नाव जगाला ठाऊक आहे, मी घेत नाही. आमच्या घरात तो नुसता जासूस होता. चांगला कोट घालून दूरच्या मुलखात जायचा, कुणाच्या तरी पहारा असलेल्या बंगल्यात न बोलावता शिरायचा, आणि शेवटी बंगल्याला आग लागली की बाही झटकत बाहेर यायचा. अब्बा-अम्मीचं लग्न व्हायच्या आधीपासून हे सिनेमे निघतायत. एक नट म्हातारा झाला की दुसरा आणतात. नाव तेच, कोट तोच, काम तेच. आणि प्रत्येक सिनेमात एकदा खलनायक त्याला विचारतो, "तू है कौन?" त्यावर आमचा हिंदी जासूस हळू आवाजात म्हणायचा, "जिसका इंतज़ार था, वही."

इंग्रजीत तो काय म्हणतो देव जाणे. आमच्या घरात मात्र या एका वाक्यानं कायदा केला. दाराची कडी वाजली की अम्मी आतून विचारायची, "कौन?" आणि बाहेरच्यानं हेच उत्तर द्यायचं, नाहीतर दार उशिरा उघडायचं. अब्बा नमाजहून आले की हेच, मी शाळेतून आले की हेच. आमचे दूधवाले काका पक्के माळकरी, पण तेही कॅन खाली ठेवून गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "जिसका इंतजार था, वहीच."

खरा जासूस कोणता, यावर घरात जी भांडणं व्हायची ती आज निवडणुकीत होतात त्यापेक्षा सरस होती, कारण प्रत्येकाकडं मुद्दा होता. नटांची परदेशी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात म्हणून आम्हीच बारसं केलं. पहिला होता सरपंच. कुठल्याही खोलीत शिरला तरी ती त्याच्याच ग्रामपंचायतीची असल्यासारखा उभा राहायचा. त्याचे वकील सलीममामू, अम्मीचे धाकटे भाऊ. चौसाळ्याला हायवेच्या कडेला त्यांचा फळांचा गाडा होता. रविवारी ते एसटीनं यायचे आणि विकली न गेलेली मऊ सीताफळं पिशवीभर घेऊन यायचे. मामूंनी सरपंचाला लहानपणी वडवणीच्या बाजारात तंबूच्या टॉकीजमध्ये, जमिनीवर बसून बघितलेला. त्याच्यानंतरचे सगळे भाड्यानं आणलेले, असं त्यांचं ठाम मत. मी म्हणायची, मामू, तुमचा सरपंच बायकांवर हात उचलतो आणि मग त्याच बायका त्याच्या गळ्यात पडतात, हे कुठल्या गावात बघितलंत? मामू म्हणायचे, तो जमाना वेगळा होता. मी म्हणायची, जमाना वेगळा असेल, गाल तोच होता. तुमच्या सरपंचावर अविश्वास ठराव आणायला पाहिजे. हे मी तेव्हा पोरखेळ म्हणून बोलत होते. आता व्यासपीठावरून हेच बोलते तर लोक टाळ्या वाजवतात किंवा उठून जातात.

दुसरा फक्त एका सिनेमापुरता आला, चहा घेऊन गेल्यासारखा. त्याचं नाव पाहुणा. त्याची बाजू घेणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून कधीकधी मीच घ्यायची. तिसरा दुल्हा. पाण्याखालून वर आला तरी शर्टाला सुरकुती नाही, मारामारीत भांग मोडत नाही, आणि मरायची वेळ आली तरी एक थट्टा करूनच मरणार. तो अम्मीचा. "आदमी साफ है," एवढाच तिचा मुद्दा आणि तो ती कुणापुढंही मांडायची. त्याचे कपडे धुतं कोण, असं मी एकदा विचारलं. अम्मी खिचडीवर झाकण ठेवत म्हणाली, "धोनेवाली को दिखाते नै. वो बात अलग." मी स्त्री-प्रश्नावर पुष्कळ पुस्तकं वाचली त्यानंतर. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही.

चौथा मास्तर. हसत नाही, लाडात येत नाही, घरी पेपर तपासायचे राहिलेत अशा चेहऱ्यानं गोळ्या घालतो. त्याची बाजू माझी मैत्रीण सुनीता घ्यायची. तिचं घर शेतकऱ्याचं, पलीकडच्या वस्तीवर. रविवारी खट्ट्याच्या ओढीनं यायची. तिचं म्हणणं, "ह्यो एकटाच काम करतो, बाकीचे नुसते मिरवत्यात." पाचव्याला आम्ही सेल्समन म्हणायचो, कारण त्याच्या हातात गाडी दिली की गाडी, घड्याळ दिलं की घड्याळ विकायला निघाल्यासारखा वाटायचा. आणि सहावा पैलवान, तो माझा. त्याचा ओठ फुटायचा. तो लंगडायचा. उडी मारायच्या आधी त्याच्या डोळ्यांत हिशेब दिसायचा की आपण मरू शकतो. बाकीच्यांना मार लागतच नाही, मग त्यांच्या हिमतीचं कौतुक कशाला? मला अजूनही वाटतं, ज्याला लागत नाही त्याला शूर म्हणू नये.

एका रविवारी हे भांडण इतकं चढलं की मामूंनी ताट सरकवलं आणि न जेवता चौसाळ्याला जातो म्हणाले. आवाज ऐकून अब्बा ट्रॅक्टरखालून निघाले आणि चिंधीला हात पुसत खिडकीशी आले. मामू म्हणाले, तुम्हीच सांगा भाईजान, असली कोणता? अब्बांना प्रश्नच कळेना. ते एकदा मामूंकडं बघायचे, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, "असली-नकली क्या? एकीच आदमी है ना."

अब्बा म्हणाले, इतकी वर्षं ऐकतोय, आवाज तोच आहे. एखाद्या सिनेमात जरा सर्दी झाल्यासारखा वाटतो, तेवढंच. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. अब्बांनी जासूस कधी बघितलेलाच नव्हता. त्यांच्या वाट्याला टीव्हीची पाठ. हिंदीत बोलणारा माणूस त्या सगळ्या सिनेमांत एकच होता, आणि अब्बांसाठी तोच जासूस. मी त्यांना आत डोकवायला लावून पैलवानाचा चेहरा दाखवला, सरपंचाचं वर्णन करून सांगितलं. ते खिडकीतून वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "उमर हो गई होगी. शकल बदलती. आवाज एक, आदमी एक." परत ताटावर बसलेल्या मामूंच्या नाकात खट्टा गेला आणि त्यांना पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. पुढं कित्येक महिने घरात काहीही वाद निघाला की कुणीतरी म्हणायचं, आवाज एक, आदमी एक, आणि सगळे हसायचे. अब्बाही हसायचे, पण मत बदललं नाही.

त्या हिंदी आवाजाच्या माणसाचं नाव मी पुढं शोधत राहिले. सिनेमा संपला की नावांची पाटी सुरू व्हायच्या आत जाहिरात लागायची. सहा चेहऱ्यांची नावं पोरासोरांना पाठ, आणि आमच्या गॅरेजात इतकी वर्षं जो खरंच येऊन बोलून गेला त्याचं नाव कुठंच नाही. मला ते अजून सापडलेलं नाही. आणि राग अजून गेलेला नाही.

आता माझ्या आवाजाबद्दल. माझा आवाज जाड आहे. लहानपणापासून. शाळेत मला भोंगा म्हणायचे, आणि फोनवर लोक अजूनही "हां बोला साहेब" म्हणतात. अम्मीला या आवाजाची धास्ती होती. मी तोंड उघडलं की तिचं ठरलेलं, "आहिस्ता बोल." गल्लीत आहिस्ता बोल, पाहुण्यांत आहिस्ता बोल, कुणी बघायला आलं तर बोलूच नको. पण तोच आवाज मी छातीतून काढला की हुबेहूब जासूस. भांडी घासताना मी सगळे सिनेमे म्हणायची. सुनीता खलनायक व्हायची आणि पातेलं माझ्या कपाळाला लावून विचारायची, तू है कौन?

मग कॉलेज आलं. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी शेवटी जासूसाचं नाटुकलं व्हायचं. कुणीतरी धरणाचं पाणी चोरतंय, जासूस माजलगावात येतो, चोर पकडतो, कोटाची बाही झटकतो. गावाला त्याचं इतकं वेड की चहाच्या टपरीवर महिनाभर चर्चा चालायची: गेल्या सालचा जासूस बरा का यंदाचा? एक गॉगल लावून आलेला आणि पायरी न दिसल्यानं स्टेजवरून खाली गेलेला, त्याला लोक अजून जासूसच म्हणतात. एकजण बुलेटवर बसून थेट मंडपात आलतो असं स्वतःच अजून सांगत फिरतो. पण या जासूसांत एक गोष्ट सारखी होती. तो नेहमी संस्थेच्या अध्यक्षांच्या भावकीतला असायचा. आणि पाणीचोर नेहमी आमच्या गल्लीतला. कुणी ठराव केला नव्हता, कुठं लिहिलेलं नव्हतं. गॅदरिंग जवळ आलं की कॉलेजचे सर आमच्या गल्लीत निरोप धाडायचे, एक पोरगा द्या आणि एक कुर्ता द्या. पोरं खुशीनं जायची, त्या निमित्तानं स्टेज तर मिळतं. मला हे बघून काय व्हायचं ते मी तेव्हा कुणाला सांगू शकले नसते. आता सांगू शकते. ज्याच्या गल्लीत नळ नाही, पाणी टँकरनं येतं त्यालाच पाणीचोर करायचं, आणि वर त्याच्याकडून टाळ्या घ्यायच्या, याला निर्लज्जपणा म्हणतात.

माझ्या दुसऱ्या वर्षाला जासूस होता ऋषिकेश, अध्यक्षांचा पुतण्या. पोरगा वाईट नव्हता. उंचापुरा, कोट शोभायचा. पण तोंड उघडलं की आवाज पातळ, आणि हिंदी तर अशी की हसू यावं. नाटुकलं बसवणारे घोडके सर हैराण झाले. एक दिवस त्यांनी मला व्हरांड्यात सुनीताला जासूस करून दाखवताना ऐकलं. लगेच बोलावलं. त्यांची योजना सोपी होती. ऋषिकेश स्टेजवर तोंड हलवणार, मी पडद्यामागून माइकवर बोलणार. मी म्हटलं, सर, मग मीच पुढं येते की. सर हसले. म्हणाले, अगं, जासूस पोरगा असतो.

मी म्हटलं, सर, आजवर सहाजण झाले. उंची बदलली, केस बदलले, हसणं बदललं, तुम्ही कधी तक्रार केली नाही. मीच आले तर नाटक बुडतं का? त्यावर त्यांनी ते वाक्य टाकलं जे पुढं मी शंभर कचेऱ्यांत ऐकलं: "आमची काय ना न्हाई, पण तुझ्या घरचे चालू देतील का?" माझ्या घरच्यांना त्यांनी विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हते. घरच्यांच्या नावानं त्यांनीच नकार लिहून टाकला आणि सही आमची घातली.

तरी मी हो म्हणाले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. मला माझा आवाज भोंग्यावरून गावभर गेलेला ऐकायचा होता. तालमी सुरू झाल्या. ऋषिकेश मला एकट्यात म्हणाला, "तुझा आवाज लई भारी हाय बघ. मी बोललो की कोंबडं आरवल्यावानी होतंय." मी हसले. पण दोन दिवसांनी अध्यक्ष तालीम बघायला आले, पुढच्या खुर्चीत बसले, आणि डोळे मिटून ऐकून म्हणाले, काय आवाज लागलाय आमच्या पोराचा. घोडके सर म्हणाले, हो ना साहेब. ऋषिकेशनं बुटाकडं बघितलं. मी पडद्यामागं माइक धरून उभी होते. कुणी पडद्याकडं बघितलं नाही.

मी सरांकडं एकच मागणी केली. सूत्रसंचालकानं सांगावं, आवाज शाहीन रशीद हिचा. सर म्हणाले, मग लोकांना कळंल ना की त्याचा न्हाई. मी म्हटलं, तेच तर. ते म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर मी पहिलं पत्रक लिहिलं. कागदाच्या एका बाजूला, जाड पेनानं, झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढून सुनीतानं आणि मी कॉलेजच्या फलकावर, टपरीवर, एसटी स्टँडच्या खांबावर लावलं. "जासूस कोणाचा? पडद्यावर सहा चेहरे झाले, कुणी विचारलं नाही तू कोणाच्या घरचा. आपल्या गॅदरिंगला मात्र जासूस एकाच घरचा आणि चोर एकाच गल्लीतला. यंदा तोंड त्यांचं आणि आवाज आमचा. नाव कुठं आहे?" भाषा कच्ची होती. आज लिहिलं असतं तर यापेक्षा तिखट लिहिलं असतं. दुपारपर्यंत सगळी पत्रकं फाडली गेली, पण टपरीवरची वाचून झाली होती.

दुसऱ्या दिवशी घोडके सर स्वतः गॅरेजात आले. गॅदरिंगला भारनियमनाच्या वेळेत जनरेटर लागायचा आणि तो दरवर्षी अब्बाच सांभाळायचे, म्हणून सरांना वाटलं इथं शब्दाला वजन पडेल. अब्बा पंपाचं नोझल उघडून बसले होते. सर म्हणाले, मिस्त्री, पोरीला समजवा, एवढं नाटक होऊ द्या, नाव आम्ही शेवटी घेऊ, वेळ राहिला तर. अम्मी खिडकीतून ऐकत होती. ती लगेच म्हणाली, बस झालं, पोरगी घरी राहील. आवाज ऐकूनच लोक नावं ठेवतात, आता खांबाखांबावर चिठ्ठ्या लावते. माझा सगळा खेळ तिथं संपत होता. स्टेज तर नाहीच, आता पडदाही गेला, आणि तो सरांनी नाही, माझ्याच घरानं घेतला.

अब्बांनी नोझल उजेडाकडं धरून बघितलं आणि विचारलं, "सर, जासूस कौन है?"

सर म्हणाले, ऋषिकेश.

"बात कौन करता?"

"तुमची पोरगी. तेच तर सांगतोय."

"तो फिर जासूस शाहीन हुई ना," अब्बा म्हणाले. त्यांच्या तोंडावर वाद घातल्याचा भावच नव्हता. सरांना एखादी साधी गोष्ट समजत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं. सरांना ते थट्टा करतायत असं वाटलं आणि ते चहा न घेता गेले. मला मात्र माहीत होतं, ते थट्टा करत नव्हते. अम्मी दोन दिवस धुसफुसत राहिली. पण तिनं मला कोंडलं नाही. निघताना मागून एवढंच म्हणाली, आहिस्ता.

गॅदरिंग दुपारचं होतं. मंडपाचं कापड उन्हानं तापलेलं, पुढं सोफ्यावर अध्यक्ष आणि पाहुणे, मागं सारं गाव. ऐन वेळी लाइट गेली आणि स्टेजच्या मागं अब्बांनी जनरेटर चालू केला. मी पडद्यामागं. सूत्रसंचालक पुढं झाला आणि म्हणाला, आता येत आहेत आपल्या भारदस्त आवाजानं साऱ्यांची मनं जिंकणारे, आपले लाडके ऋषिकेश. टाळ्या. मी सरांकडं बघितलं. सरांनी मला हातानं खुणावलं: शेवटी, शेवटी.

मी बोलले. सगळं नाटक बोलले. भोंग्यावरून माझा आवाज कारखान्याच्या रस्त्यापर्यंत गेला असणार. ऋषिकेश छान तोंड हलवत होता, लोक शिट्ट्या मारत होते. मग ते ठिकाण आलं. त्या साली पाणीचोर होता इम्रान, आमच्या समोरच्या घरातला. त्यानं कुर्त्याच्या बाह्या सारल्या आणि विचारलं, "तू है कौन?"

मी तोंड मिटलं.

स्टेजवर ऋषिकेशचे ओठ हलले आणि काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा हलवले. मंडपात हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, आवाज गेला रं. घोडके सर माझ्यासमोर येऊन हात जोडायला लागले, मग डोळे वटारायला लागले. मी माइक धरून उभी. तेवढ्यात मागनं अब्बा पाना घेऊन धावत आले. जासूस गप्प झाला म्हणजे तार तुटली, एवढंच त्यांना कळलेलं. त्यांनी जोड तपासला, माइकवर टिचकी मारली, ती टिचकी मंडपभर घुमली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तार टूटी क्या?"

मी मान हलवली, नाही.

मग त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं: तोंड उघडून उभा असलेला पोरगा, हसणारे लोक. माइकची तार बांबूला गुंडाळून ठेवली होती, मी हलू नये म्हणून. अब्बांनी पाना खाली ठेवला आणि वेढे सोडवायला लागले. सर म्हणाले, मिस्त्री, काय करता? अब्बांनी सगळी तार मोकळी करून जमिनीवर टाकली आणि म्हणाले, "तार लंबी है. जा."

मी पडदा बाजूला सारून गेले. अंगात रोजचा सलवार-कमीज, पायात चपला, मागं सरपटणारी तार. हसू थांबलं. ऋषिकेश एक पाऊल मागं सरकला. सुटल्यासारखा वाटला तो, खरं सांगते. इम्रान माझ्याकडं बघत राहिला आणि त्यानं, नाटकात नव्हतं तरी, परत विचारलं. यावेळी जरा हसून. "तू है कौन?"

मी सांगितलं. छातीतून, अजिबात आहिस्ता नाही. "जिसका इंतज़ार था, वही."

टाळ्यांचा कडकडाट झाला असं लिहायला मला आवडलं असतं. झालं असं, की मागच्या बाजूला आमच्या गल्लीनं आणि सुनीताच्या वस्तीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मधले लोक एकमेकांकडं बघत राहिले, आणि पुढचा सोफा उठून गेला. पुढच्या वर्षीपासून जासूसाचं नाटुकलं बंद झालं. संस्थेच्या स्कूलबस आमच्या गॅरेजात यायच्या बंद झाल्या. अब्बा म्हणाले, त्या बसगाड्यांचे गिअर तसेही कुणी नीट टाकत नव्हतं. मोबाईलवर आता भांडणं चालतात, पुढचा जासूस कोण. अमक्या रंगाचा चालेल का, तमक्या देशाचा चालेल का, आणि बाई म्हटलं तर लोकांच्या अंगाला खाज सुटते. मी काही लिहीत नाही तिथं. माजलगावात ते ठरून गेलंय.

त्या दिवशी जनरेटर गाड्यावर चढवून मी आणि अब्बा चालत घरी आलो. वाटेत त्यांनी एकदा थांबून माझ्या चेहऱ्याकडं असं बघितलं, जणू इतकी वर्षं ज्याला ऐकलं तो दिसतो कसा हे एकदा नीट बघून घ्यावं. दाराला आतून कडी होती. आमच्या घरापर्यंत भोंगा स्वच्छ ऐकू येतो, म्हणजे अम्मीनं सगळं ऐकलेलं होतं. मला तिची भीती वाटत होती. दोघं बरोबर असलो की कडी वाजवायचं काम अब्बांचं आणि उत्तर द्यायचंही त्यांचंच. पण त्यांनी कडी वाजवली आणि बाजूला होऊन उभे राहिले.

"कौन?"

मी खालच्या आवाजात, जेमतेम ओठ हलवत ते वाक्य म्हटलं. दार उघडेना. आत बांगड्या वाजल्या, म्हणजे ती दाराशीच उभी होती.

"सुनने में नै आया," अम्मी आतून म्हणाली. "जोर से बोल."